अपरिचित विमानांची छायाचित्रांवरून ओळख : एक निरीक्षणपाठ

नाहूर हे मध्य रेल्वेवरील भांडुप आणि मुलुंड या दोन मोठ्या स्थानकांमधले एक लहान स्थानक. पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेस मिठागरे आणि ठाण्याची खाडी. या परिसरात शिकून गेलेल्या प्रत्येक पिढीने आकाशात दोन प्रकारचे पाहुणे पाहिले आहेत. एक, खाडीवर उतरणारे रोहित पक्षी. आणि दुसरे, दक्षिणेकडे घाटकोपर-कुर्ल्याच्या वरून सांताक्रूझच्या धावपट्टीकडे उतरणारी विमाने. रोहित पक्ष्यांतील लहान आणि मोठी जात ओळखण्यास आमचे विद्यार्थी लवकर शिकतात. लहान रोहिताची चोच जवळजवळ संपूर्ण गडद असते, तर मोठ्याची चोच गुलाबी असून तिचे टोक तेवढे काळे असते. एक खूण, तिची खात्री आणि मग नाव, असा हा क्रम आहे. विमानांच्या बाबतीतही हाच क्रम चालतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नेहमीची प्रवासी विमाने ओळखणे फारसे अवघड नाही. खरी परीक्षा असते ती विचित्र आकाराच्या, एक-दोनच तयार झालेल्या, केवळ प्रयोगासाठी बांधलेल्या विमानांची. अशा विमानांची छायाचित्रे हल्ली मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. सोबत एखादी ठसठशीत ओळ असते : ‘शत्रूचे गुप्त विमान’, ‘उडती तबकडी सापडली’, ‘भारतीयाने लावलेला पहिला शोध’. चित्र खरे असते, ओळ मात्र पुष्कळदा खोटी असते. म्हणून हा पाठ विद्यार्थ्यांइतकाच पालकांसाठी आणि माजी विद्यार्थ्यांसाठीही आहे.

ओळख चुकली तर काय होते?

विमान ओळखणे हा रिकामपणाचा छंद आहे, असे कोणास वाटेल. त्यासाठी दोन घटना आठवाव्यात.

पहिली आपल्या शेजारची आहे. २८ जून २०१८ रोजी दुपारी जुहूहून उडालेले एक छोटे ‘किंग एअर सी-९०’ विमान घाटकोपरमध्ये, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीजवळ कोसळले. दीर्घ दुरुस्तीनंतरचे ते चाचणी-उड्डाण होते. विमानातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी असे पाच जण मृत्युमुखी पडले. नाहूरपासून चार स्थानकांवर घडलेली ही दुर्घटना आमच्या अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. अवशेषांवरील अक्षरे होती ‘व्हीटी-यूपीझेड’. ‘यूपी’ ही अक्षरे दिसताच हे विमान उत्तर प्रदेश सरकारचे असल्याची बातमी सर्वत्र पसरली. काही वेळातच त्या सरकारला खुलासा करावा लागला की, विमान पूर्वी आपले होते, परंतु ते काही वर्षांपूर्वीच विकले गेले आहे. अक्षरे बरोबर वाचली गेली होती; त्यांवरून काढलेला मालकीचा निष्कर्ष चुकला होता. नोंदणीची अक्षरे ते विमान कोणते हे सांगतात. आज ते कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यांवरून ठरत नाही. त्यासाठी नोंदवही पाहावी लागते.

दुसरी घटना अधिक दुःखद आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे भारतीय वायुसेनेचे ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. वायुसेनेचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे एक होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुखांनी ही आपली मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तेथील ओळख छायाचित्रावरून करायची नव्हती. रडार, संदेशयंत्रणा आणि ठरलेली कार्यपद्धती यांचा तो प्रश्न होता. तथापि मूळ प्रश्न तोच : समोर दिसते आहे ते आपले की परके?

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडच्या आकाशात ब्रिटिशांच्या ‘स्पिटफायर’ विमानांनी ब्रिटिशांचीच ‘हरिकेन’ विमाने पाडली होती. युद्धकाळात सैनिकांना आणि स्वयंसेवी निरीक्षकांना विमानांच्या काळ्या छायाकृती दाखवून ओळखण्याचे शिक्षण दिले जाई. आजही छायाचित्रे अभ्यासणारे लोक त्याच शिक्षणातील एक सोपी रीत वापरतात. तिचा परिचय पुढे करून देत आहोत.

चार प्रश्नांची रीत

कोणतेही विमान समोर आले की पुढील चार गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात : पंख, इंजिने, धड आणि शेपूट.

पंखांविषयी विचारावे : ते धडाच्या वर बसविले आहेत, मध्ये की खाली? सरळ आहेत, मागे झुकलेले आहेत की त्रिकोणी आहेत? त्यांची टोके वर वळलेली आहेत का?

इंजिनांविषयी विचारावे : ती किती आहेत? पंखांखाली टांगलेली आहेत, नाकात आहेत की शेपटाजवळ? पंखा, म्हणजे प्रोपेलर, असल्यास तो विमानाला पुढून ओढतो की मागून ढकलतो? जेट असल्यास हवा आत घेणारी तोंडे कोठे आहेत आणि धूर बाहेर टाकणारी नळकांडी किती आहेत?

धडाविषयी विचारावे : ते बारीक आहे की फुगीर? वैमानिकाची जागा कोठे आहे? चाके नाकाखाली आहेत की शेपटाखाली?

शेपटाविषयी विचारावे : उभे पाते एक आहे की दोन? आडवे पाते खाली आहे की उभ्या पात्याच्या माथ्यावर बसून इंग्रजी ‘टी’ अक्षर तयार करते? की शेपूटच नाही?

या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत आणि ती लिहून होईपर्यंत नावाचा विचार करू नये, असा आमच्या अभ्यासवर्गाचा दंडक आहे. एकदा नाव मनात आले की डोळे त्या नावाला सोयीच्या खुणाच टिपू लागतात आणि गैरसोयीच्या खुणांकडे दुर्लक्ष होते.

घरचे उदाहरण : ‘मारुत’

ही रीत हाताळून पाहण्यासाठी मुंबईतच एक उत्तम नमुना आहे. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ‘एचएफ-२४ मारुत’ हे लढाऊ विमान ठेवलेले आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात, जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण १७ जून १९६१ रोजी झाले. भारतात आखलेले आणि बांधलेले हे पहिले जेट लढाऊ विमान होय.

चार प्रश्न लावून पाहू. पंख मागे झुकलेले. इंजिने दोन, धडाच्या मागच्या भागात शेजारी-शेजारी. म्हणून शेवटी दोन नळकांडी. हवा घेणारी तोंडे धडाच्या दोन्ही अंगांस, आणि प्रत्येक तोंडात अर्ध्या शंकूसारखा उंचवटा. वायुसेनेत त्याच काळी असलेले ब्रिटिश ‘हंटर’ हेही मागे झुकलेल्या पंखांचे विमान. जुन्या धूसर छायाचित्रात या दोहोंचा घोटाळा सहज होतो. परंतु हंटरला इंजिन एकच, म्हणून शेवटी नळकांडे एकच. आणि त्याची हवा घेणारी तोंडे पंखांच्या मुळाशीच असतात. मागून काढलेले चित्र असेल तर नळकांडी मोजावीत, पुढून काढलेले असेल तर तोंडे पाहावीत. एवढ्याने निकाल लागतो.

मारुतच्या कुळातील एक अपरिचित सदस्य तर अधिकच शिकवून जातो. जुन्या छायाचित्रांत हुबेहूब मारुतसारखे दिसणारे, परंतु जेट इंजिन नसलेले एक विमान आढळते. ते एक लाकडी ग्लायडर होय. मूळ विमान बांधण्यापूर्वी त्याचा आकार हवेत कसा वागतो हे पाहण्यासाठी ते पूर्ण मापात बांधले गेले आणि १९५९ मध्ये डकोटा विमानाच्या मागे दोराने ओढून आकाशात नेले गेले. चित्रात दोर किंवा पुढचे डकोटा दिसत असेल, तर हे रहस्य क्षणात उलगडते. पुढे १९६७ मध्ये एक मारुत इजिप्तमध्ये नेऊन त्यावर तेथे विकसित होत असलेल्या नव्या इंजिनाची चाचणी घेण्यात आली. त्या विमानात एक इंजिन जुने आणि एक नवे होते. परदेशी धावपट्टीवर भारतीय विमान दिसले म्हणून चित्र बनावट आहे असे कोणी ठरविले असते, तर ते चुकले असते.

विचित्र आकारामागील कारणे

विमानाचा आकार कितीही चमत्कारिक असला तरी तो कोणाच्या लहरीने ठरलेला नसतो. हवा, वजन, इंधन आणि काम या चौघांची ती तडजोड असते. म्हणून अपरिचित विमान दिसल्यास ‘हे असे का केले असेल?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर बहुधा आपल्याला ओळखीपर्यंत घेऊन जाते.

शेपूट पुढे असलेली विमाने. मोठ्या पंखांच्या पुढे, नाकाजवळ लहान पंखांची जोडी असेल तर तिला कॅनार्ड म्हणतात. ही रचना नवी नाही. १९०३ चे राइट बंधूंचे विमानही असेच होते. १९७५ मध्ये अमेरिकेतील बर्ट रुटान यांनी घरी बांधता येईल असे ‘व्हॅरीईझी’ हे छोटे विमान याच रचनेवर उडविले. वेग फार कमी झाला की त्यात पुढच्या लहान पंखांची उचलण्याची शक्ती आधी घटते, नाक आपोआप खाली येते आणि मुख्य पंखांवर संकट ओढवत नाही. रुटान यांनीच आखलेल्या ‘व्हॉयेजर’ या विमानाने डिसेंबर १९८६ मध्ये वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली.

मागून ढकलणारे पंखे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘सारस’ हे विमान २९ मे २००४ रोजी प्रथम उडाले. त्याची दोन्ही इंजिने धडाच्या मागच्या भागात दोन बाजूंस आहेत, पंखे मागे तोंड करून बसविलेले आहेत आणि शेपूट ‘टी’ आकाराचे आहे. इटलीचे ‘अवांती’ हे विमानही मागून ढकलणारे आणि ‘टी’ शेपटाचे असल्याने दोघांची गल्लत होते. परंतु अवांतीच्या नाकाजवळ लहान पंखांची आणखी एक जोडी असते आणि त्याची इंजिने मुख्य पंखांवर असतात. सारसला नाकाजवळ काही नाही. या सारसचे नाव घेताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या दुसऱ्या नमुन्यास ६ मार्च २००९ रोजी चाचणी-उड्डाणात अपघात झाला आणि वायुसेनेचे तीन अधिकारी मृत्यू पावले. ज्या छायाचित्राखाली आपण सहजपणे एक नाव लिहितो, त्याच्यामागे कोणाच्या तरी आयुष्याची किंमत असू शकते.

पुढे झुकलेले पंख. १४ डिसेंबर १९८४ रोजी प्रथम उडालेले अमेरिकेचे ‘एक्स-२९’ पाहणाऱ्यास पंख उलटे बसविल्यासारखे भासतात. या रचनेत पंखांच्या टोकांपर्यंत नियंत्रण टिकून राहते. मात्र वेगात पंख पिळवटून तुटण्याचा धोका असतो. धाग्यांच्या नव्या संमिश्र पदार्थांमुळे तो धोका टाळता आला. विमान मुळात इतके अस्थिर होते की त्याचे संगणक सेकंदाला चाळीस वेळा दुरुस्ती करीत. ओळखणाऱ्याच्या दृष्टीने गंमत अशी की, त्याचे नाक ‘एफ-५’ या विमानाचे आणि मुख्य चाके ‘एफ-१६’ ची होती. प्रायोगिक विमानांत असे उसने अवयव नेहमी आढळतात. त्यामुळे केवळ नाक पाहून नाव ठरविणारा फसतो.

डावे-उजवे सारखे नसलेले विमान. १९३८ मध्ये उडालेल्या जर्मनीच्या ‘बीव्ही-१४१’ या टेहळणी विमानात इंजिन आणि लांब धड डाव्या अंगास, तर माणसांची काचेची खोली स्वतंत्रपणे उजव्या अंगास होती. निरीक्षकास चहूकडे मोकळे दिसावे, हे त्याचे कारण. हे विमान आपल्याला छायाचित्र उलटे छापले आहे का, हे तपासण्यास शिकविते. मागून पाहता काचेची खोली आपल्या उजवीकडे दिसली पाहिजे आणि समोरून पाहता डावीकडे. तसे नसेल तर चित्र आरशातल्यासारखे उलटलेले आहे.

तबकडी. कॅनडातील एका कारखान्याने अमेरिकी लष्करासाठी ‘अव्ह्रोकार’ नावाचे खरोखरीच तबकडीच्या आकाराचे यान बांधले. १२ नोव्हेंबर १९५९ रोजी ते बंधनमुक्त उडाले. पण जमिनीपासून सुमारे तीन फुटांहून वर जाताच ते डगमगू लागे. १९६१ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. परग्रहावरील यान म्हणून फिरणाऱ्या चित्रांत याचेही चित्र असते. चित्र खरे, तबकडीही खरी. परंतु तिचे उगमस्थान पृथ्वीवरच होते.

फुगलेले कपाळ. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावर ‘एअरबस बेलुगा’ उतरले आणि त्याची छायाचित्रे शहरभर फिरली. देवमाशासारखे कपाळ पाहून अनेकांना ते पूर्णपणे नवे यान वाटले. आता केवळ पंख पाहावेत. ते साध्या ‘ए-३००-६००’ या प्रवासी विमानाचेच आहेत. दोन्हींच्या पंखांचा विस्तार ४४.८४ मीटर आहे. विमानांचे मोठे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात नेण्यासाठी त्याच्या धडाचा वरचा भाग फुगविला. समोरून माल भरता यावा म्हणून वैमानिकाची खोली खाली आणली. फुगीर धडामागे दिशा सांभाळण्यासाठी आडव्या शेपटाच्या टोकांवर जादा उभी पाती बसविली. जे बदलले ते डोळ्यांत भरते. जे बदलले नाही, त्यावरून कूळ समजते.

प्रायोगिक विमानाच्या खुणा

प्रयोगासाठी उडणाऱ्या विमानाच्या अंगावर काही ठरावीक चिन्हे आढळतात. नाकावर किंवा पंखाच्या टोकावर पट्टेदार लांब दांडी असते. विमानाच्या अंगावरून वळलेल्या हवेचा परिणाम टाळून, स्वच्छ हवेचा वेग आणि दिशा मोजण्यासाठी ती पुढे काढलेली असते. अंगावर काळे-पांढरे चौकोन रंगविलेले असतात. चित्रफितीवरून हालचाल मोजताना त्यांचा उपयोग होतो. काही वेळा पंखांवर लोकरीचे लहान तुकडे चिकटविलेले दिसतात; हवा कोठे सुरळीत वाहते आणि कोठे गोंधळते, हे ते दाखवितात. शेपटाजवळ एखादी पेटी असेल तर तीत गिरकी थांबविणारी हवाई छत्री असू शकते.

अंक आणि अक्षरेही बोलतात. भारतीय ‘तेजस’चा पहिला नमुना ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरात उडाला, त्याच्या अंगावर ‘केएच २००१’ असा क्रमांक होता. नागरी विमानांवर आपल्या देशासाठी ‘व्हीटी’ आणि पुढे तीन अक्षरे असतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले, तेव्हा त्यांच्या छोट्या ‘पस मॉथ’ विमानावरही ‘व्हीटी-एडीएन’ अशीच अक्षरे होती. अमेरिकेत प्रायोगिक विमानाच्या दाराजवळ ‘प्रायोगिक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिण्याचा नियमच आहे.

मात्र काही विमाने अशी असतात की कोणत्याही संदर्भग्रंथात त्यांना जागा नसते, कारण तशी दुसरी अस्तित्वातच नाहीत. कांदिवलीच्या चारकोप भागात राहणारे वैमानिक अमोल यादव यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यास ‘व्हीटी-एनएमडी’ ही नोंदणी मिळाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. गच्चीवरील या विमानाचे चित्र केवळ पंख-शेपटावरून कोण ओळखणार? तेथे पार्श्वभूमी मदतीस येते : मागच्या इमारती, कठडा, पाण्याची टाकी, माणसांचे पोशाख, आणि त्या काळातील वर्तमानपत्रे. छायाचित्रातील विमानाइतकेच विमानाभोवतीचे जगही वाचावे लागते.

छायाचित्राच्या लबाड्या

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणतात. परंतु तो अर्धवट मात्र बोलतो. मागे झुकलेले पंख एका विशिष्ट कोनातून सरळ दिसतात. दुरून, मोठ्या भिंगाने काढलेल्या चित्रात पुढचे-मागचे अंतर आक्रसते आणि विमान आखूड, जाड वाटते. सूर्य मागे असेल तर रंग आणि अक्षरे नाहीशी होऊन केवळ काळी आकृती उरते. मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो. त्यामुळे वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकडी किंवा धडापासून सुटलेली दिसतात. ती मोडलेली नसतात.

आकारमानाचा अंदाज ही तर सर्वांत मोठी फसवणूक. निरभ्र आकाशात एकट्या विमानाच्या चित्रावरून ते पाच मीटरचे आहे की पन्नास मीटरचे, हे सांगता येत नाही. मीटर सांगता येत नसले तरी प्रमाण मात्र सांगता येते. बरोबर खालून काढलेले चित्र घ्यावे आणि पट्टीने लांबी व पंखांचा विस्तार मोजावा. अनेक दशके मुंबईच्या आकाशात दिसलेले ‘बोइंग ७४७-४००’ सुमारे ७०.७ मीटर लांब असून त्याचा पंखविस्तार ६४.४ मीटर आहे. म्हणजे लांबी अधिक. ‘एअरबस ए-३८०’ ची लांबी सुमारे ७२.७ मीटर आणि विस्तार ७९.८ मीटर, म्हणजे विस्तार अधिक. दोन्ही चार इंजिनांची आणि अवाढव्य असली तरी पट्टीच्या दोन मापांत फरक कळतो. चित्र तिरके असल्यास ही मोजणी करू नये.

छायाचित्रच नसेल तेव्हा

आता आपल्या मुंबईतल्या एका जुन्या प्रश्नाकडे वळू. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे यान उडविले, असे सांगितले जाते. तळपदे हे संस्कृतचे अभ्यासक होते आणि त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या उड्डाणाचे समकालीन छायाचित्र आपल्यापुढे नाही. त्या यानाची म्हणून नंतर काढलेली चित्रे आणि २०१५ च्या ‘हवाईजादा’ या हिंदी चित्रपटातील दृश्ये पाहावयास मिळतात. ती त्या दिवसाची साक्ष होऊ शकत नाहीत.

याच्याशी जोडला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितला व तो लिहून घेतला गेला. त्यातील यानांच्या आकृती बंगळूरच्या एका आरेखकाने त्याच काळात काढल्या. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्या ग्रंथाची भाषा आणि आकृती दोन्ही तपासल्या. ग्रंथ प्राचीन नाही आणि वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि देशभर वाद झाला.

त्यासमोर १७ डिसेंबर १९०३ चे राइट बंधूंचे छायाचित्र ठेवावे. त्यात विमान जमिनीपासून थोडे वर आहे. ज्या रुळावरून ते निघाले तो रूळ दिसतो. एक भाऊ विमानात पालथा झोपलेला आहे, दुसरा बाजूस उभा आहे. ते उड्डाण बारा सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते. एवढ्या लहान उड्डाणाला जगाने मान्यता दिली, कारण तारीख, स्थळ, साक्षीदार आणि मोजमाप यांची नोंद जागेवर होती आणि पुढील वर्षांत ते इतरांसमोर पुन्हा करून दाखविले गेले.

केवळ ग्रंथात आहे, परंपरेने चालत आले आहे किंवा मोठ्या माणसाने सांगितले आहे म्हणून काही स्वीकारू नये, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आमच्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक आहे. आपल्या देशाच्या गौरवाची गोष्ट असली की तो लावणे जड जाते. आणि नेमके तेथेच तो लावायचा असतो. तळपदे यांच्या ध्यासाचा आदर करण्यासाठी त्यांच्या नावावर न सिद्ध झालेले उड्डाण लिहिण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष कसा लिहावा?

आमच्या अभ्यासवर्गात प्रत्येक छायाचित्रासाठी वहीत तीन रकाने आखले जातात. पहिल्यात ‘दिसते’ : दोन नळकांडी, मागे झुकलेले पंख, पट्टेदार दांडी. दुसऱ्यात ‘अनुमान’ : दोन इंजिनांचे जेट, बहुधा चाचणीचे. तिसऱ्यात ‘ताडून पाहिले’ : कोणत्या पुस्तकाशी, कोणत्या संग्रहालयाशी, कोणत्या नोंदवहीशी. तिसरा रकाना रिकामा असेल तर दुसऱ्या रकान्यातील मजकूर कोणालाही पुढे पाठवायचा नाही. नाव सापडले नाही, तर ‘अनिश्चित’ असे लिहून तारीख घालायची. हे उत्तर आमच्याकडे चुकीचे धरले जात नाही. वर्ष-दोन वर्षांनी दुसरे छायाचित्र हाती लागते आणि जुनी नोंद पूर्ण होते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कारखान्यांत, विमानतळांवर, रेल्वेत, रुग्णालयांत आणि कार्यालयांत काम करीत आहेत. दिसलेले आणि मानलेले वेगळे ठेवण्याची ही सवय क्ष-किरण चित्रासमोर, यंत्राच्या आवाजासमोर किंवा कोणाविरुद्ध आलेल्या तक्रार-अर्जासमोरही उपयोगी पडते, असे ते कळवितात. त्यांनी आपल्या जुन्या अल्बममधील विमानांची छायाचित्रे, मागे तारीख व ठिकाण लिहून, अभ्यासवर्गास द्यावीत, अशी विनंती आहे.

स्वाध्याय

१. मुंबईच्या आकाशात उतरणाऱ्या एका विमानाचे निरीक्षण करून पंख, इंजिने, धड व शेपूट यांविषयी प्रत्येकी एक वाक्य लिहा. विमानाचे नाव लिहू नका. वही शेजारच्या विद्यार्थ्यास द्या आणि त्याला नाव ओळखता येते का, ते पाहा.

२. नेहरू विज्ञान केंद्रातील मारुतचे पुढून, मागून आणि बाजूने असे तीन रेखाटन करा. कोणत्या रेखाटनावरून ते हंटरपासून वेगळे ओळखता येते आणि कोणत्या रेखाटनावरून येत नाही, ते कारणांसह लिहा.

३. घरातील मोबाइलवर आलेले विमानाचे एक छायाचित्र निवडा. सोबतची ओळ झाकून तीन रकाने भरा. नंतर ती ओळ वाचा आणि तिच्यातील किती भाग छायाचित्रात खरोखर दिसतो, ते आपल्या पालकांना समजावून सांगा.

४. ‘व्हीटी-यूपीझेड’ या अक्षरांवरून काय निश्चितपणे सांगता येत होते आणि काय सांगता येत नव्हते, याची दोन स्वतंत्र यादींत मांडणी करा.